खालच्या मजल्यावरची नटी

अमेरिकेत एडिसनला आम्ही राहायला आलो तेव्हा खालच्या मजल्यावर एक म्हातारी अमेरिकन बाई एकटीच राहायची. सकाळी कचरा टाकायला निघाली तरी ओठांना गडद लाल लिपस्टिक आणि डोक्याला रेशमी रुमाल. पहिल्याच भेटीत म्हणाली, "मी पूर्वी सिनेमात होते." मला ते खरं वाटलं नाही.

तिच्या हॉलमध्ये भिंतभर कृष्णधवल फोटो होते. जाळीची हॅट, कोपरापर्यंत हातमोजे, सिगारेटचा धूर, खिडकीच्या ब्लाइंड्सच्या सावल्या गालावर. देखणे होते, पण एकातही पुरता चेहरा नव्हता. कुठे हॅटची कड आडवी यायची, कुठे अर्धं तोंड अंधारात. चहा पिता पिता मी तिच्या नाकाकडे बघायची, मग फोटोतल्या नाकाकडे.

"ती ही नव्हेच," मी नवऱ्याला म्हटलं.

"तुला काय करायचंय यार? चहा देते ना, पी."

शेजारच्या काकूंनी मात्र माझ्या शंकेला खतपाणी घातलं. "असले फोटो फ्रेमसकट विकत मिळतात. जपून राहा हो. घराची किल्ली-बिल्ली देऊ नकोस तिला."

एका रविवारी दुपारी टीव्हीवर जुना रहस्यपट लागणार होता. तिनं मला मुद्दाम बोलावलं. "ह्यात आहे मी."

मी डोळे फाडून बघितलं. नायिका निराळीच होती. बाकीच्या बायकांतही ही कुठे दिसेना.

"तुम्ही कुठे होता?" मी जरा खवचटपणेच विचारलं.

ती उठली. ब्लाइंड्स अर्धवट मिटले, टेबलावरचा दिवा खाली जमिनीवर ठेवला आणि मला खुर्चीत बसवलं. "हनुवटी खाली. अजून. हलू नकोस." तिची बोटं गार होती. "मी अशी तासन्‌तास बसायचे. दिवे माझ्यावर लावून बघायचे. सगळं मनासारखं जमलं की मला उठवायचे, मग ती नायिका यायची."

"आणि हे फोटो?"

"उजेड बघायला काढलेले. माझा चेहरा कुणाला हवा होता?"

तिनं माझ्यासमोर आरसा धरला. आत्ताच कुणाला तरी फसवून आल्यासारखी एक बाई त्यात बसली होती, आणि ती सुंदर दिसत होती. मी घाबरून उठलेच.

काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आधीची थाप पकडलीस, म्हणून ही नवी." मला त्यांचं म्हणणं खोडता येईना. पण त्या खुर्चीत मी बसले होते, त्या नाही.

पुढच्या वर्षी तिची भाची तिला टेक्सासला न्यायला आली. पार्किंगमध्ये सामान भरताना मी सहज म्हटलं, "सिनेमातले दिवस फार आठवतात ना त्यांना?"

भाची थबकली. "मावशी? सिनेमात? आम्हाला तर ती सांगते, फॅशनच्या मासिकांत मॉडेल होते म्हणून."

म्हातारी पुढच्या सीटवर बसली होती. भाची घराला कुलूप लावायला गेली, तशी तिनं गाडीची काच खाली केली.

"काय सांगितलंस तिला?"

"काही नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. माझ्यावर तिचा विश्वास बसला नव्हता. मग तिनं काच वर केली.