खंडेनवमीचा हार

"आज पुस्तकांना हात नको लावूस गं," काकू म्हणाल्या.

मी दारातच थांबले. हातात झेंडूचा हार. खंडेराव मार्केटातून फुलं आणून आईने स्वतः ओवलेला.

काकू म्हणजे माझ्या सीनियर वकिलांच्या पत्नी. बडोद्यात, वाडीतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत सरांचं ऑफिस. लॉ कॉलेज संपवून मी तिथे काम शिकत होते. खंडेनवमीला कारागीर हत्यारं पुजतो, वकील कायद्याची पुस्तकं. वर्षभर ती पुस्तकं मीच पुसली, मीच कोर्टात वाहून नेली. तेव्हा विटाळ नव्हता. मग काकूंनी एकदा सहज विचारलं, वडील काय करतात? मी सांगितलं, रेल्वेत सफाई कामगार आहेत. झालं.

हार काकूंनी घेतलाच नाही. कारकुनाला खूण केली. त्याने तो नेऊन सरांच्या स्कूटरला घातला. वर मला म्हणाला, "बेन, तमे ओटले बेसो ने."

ओट्यावरून आतलं सगळं दिसत होतं. पाटावर पुस्तकं, सगळ्यांत वर राज्यघटना. तिच्यावर हळदकुंकू. अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे, हे तिच्याच पोटात लिहिलेलं. एका तारखेसाठी कोर्ट डोक्यावर घेणारे सर माझ्याकडे बघेनात. मला रडू आवरेना. या माणसाला मी देव मानत होते.

पूजा झाल्यावर ते प्रसाद घेऊन बाहेर आले.

"मनाला लावून घेऊ नकोस. बायकांचं असतं काहीतरी."

"सर, घर तुमचं नाही का?"

त्यांनी प्रसाद पुढे केला. मी प्रसाद घेतला नाही. स्कूटरवरचा हार काढला आणि चालत घरी आले.

आईने हार बघितला, मी घडलेलं सांगितलं. बाबा म्हणाले, "एका दिवसाचं सोस, बाई. दुसरं कोण घेणार तुला?"

काकूंपेक्षा हे जास्त लागलं. जन्मभर गिळत आलेला माणूस लेकीलाही गिळायलाच शिकवत होता. आणि त्यांचं खोटं नव्हतं. सरांचं ऑफिस मी सोडलं, आणि कितीतरी महिने मला दुसऱ्या कुठल्याच वकिलाने दारात उभं केलं नाही. 'सीनियरला उलट बोलते,' एवढं कोर्टभर झालं होतं.

आता कोर्टाच्या आवारात माझं स्वतःचं टेबल आहे. अपमानाची तक्रार घेऊन कुणी आलं की आसपासचे वकील हमखास म्हणतात, "समाधान करी लो ने," म्हणजे तडजोड करून मिटवून टाका. मी तसं म्हणत नाही, म्हणणारही नाही. उद्या समोरच्या पक्षाकडून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सर उभे असले, तरी त्यांची उलटतपासणी मीच घेईन.