दुरुस्ती न केलेली वही

आमच्या आमोदच्या अ‍ॅपवर त्याच्या वडिलांचा फोटो आहे. कपाळाला आडवं गंध, गळ्यात रुद्राक्षांची माळ, मागे गरगरणारे ग्रह, आणि खाली 'गुरुजी दीनानाथ : शुद्ध प्राचीन गणित'. या माणसाने जन्मात गंध लावलेलं नाही. बावन्न वर्षं ते कपाळ मी बघते आहे. गंध कम्प्युटरवर काढलेलं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारी आली होती, आजही तितकीच येते.

नवऱ्याला मी नावाने हाक मारत नाही, पण लिहिताना 'हे असे, हे तसे' करत बसले तर वाचणाऱ्याचा जीव जाईल. म्हणून इथे दीनानाथच म्हणते. मंडईजवळच्या एका पंचांगाच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं ग्रहांचं गणित केलं. भविष्य एकदाही सांगितलं नाही. कोणी तळहात पुढे केलाच तर म्हणत, "नाडी दाखवायचीय का? डॉक्टर खालच्या मजल्यावर बसतात."

वेड त्यांना एकच. जुन्या लोकांनी ग्रहांची चाल कशी समजून घेतली, ते दुसऱ्याला समजावायचं. धायरीच्या या फ्लॅटमध्ये पाहुणा आला, की चहाच्या आधी माझं ताट आणि वाटी बाहेर येते. ताटाच्या मध्ये मिठाचा खडा, ती पृथ्वी. वाटीच्या काठाला कणकेने चिकटवलेला मुगाचा दाणा, तो मंगळ. वाटी ताटाच्या कडेकडेने न्यायची आणि नेता नेता तिला स्वतःभोवतीही फिरवायची. दाणा पुढे जाता जाता थबकतो, थोडा मागे येतो, पुन्हा पुढे निघतो. आकाशात मंगळ असाच वागताना दिसला, म्हणून त्या लोकांनी मोठ्या वर्तुळावर लहान वर्तुळ मांडलं. ग्रहांना अदृश्य देवता वाऱ्याच्या दोऱ्यांनी ओढतात, असंही कोणी लिहून ठेवलं.

"दोऱ्या नव्हत्या आणि पृथ्वी मध्ये नव्हती," दीनानाथ सांगत. "पण गणित आणि आकाश जुळेनासं झालं, की ते आकाशाला खोटं पाडत नसत. आकडा बदलत."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला त्याचा वीट आला होता.

ते मुलांना पटावं म्हणून त्यांनी एक वही केली. दीड हजार वर्षांपूर्वीचे आकडे घेतले, पुढच्या पिढ्यांनी केलेली एकही दुरुस्ती त्यात घातली नाही, आणि त्यावरून आजचे ग्रह काढले. शुक्र तर तीन-चार आठवड्यांनी चुकतो. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं, 'या आकड्यांना दुरुस्ती केलेली नाही. ग्रह इथे दिसणार नाहीत.'

आमोदने हे पान वाचलं. न वाचता चूक केली असती तर मी त्याला माफ केलं असतं. दुरुस्ती नाही म्हणजे भेसळ नाही, म्हणजे एकदम शुद्ध, असं त्याचं म्हणणं पडलं. पुढचं वाक्य त्याने सोयीने सोडून दिलं. वडिलांना म्हणाला, मुलांना शिकवायला अ‍ॅप करतोय. त्यांनी भाबडेपणाने वही दिली. मी शेजारी बसून वाटाणे सोलत होते आणि एका शब्दाने बोलले नाही. त्याबद्दल मला माझीच किळस येते.

अ‍ॅप निघालं ते ग्रहशांतीचं. रोज सकाळी हजारो लोकांना आमचे दीनानाथ कळवू लागले, की आज अमुक ग्रह वक्री आहे, सांभाळा, शांती करून घ्या. दीनानाथांकडे साधा बटणांचा फोन. त्यांना हे कळलं ते नातीच्या लग्नात विघ्न आलं तेव्हा.

नात म्हणजे आमोदची स्पृहा. तिचं लग्न हडपसरच्या तेजसशी ठरलं होतं, फेब्रुवारीच्या पंचवीस तारखेला. मुलगा आयटीत, घरचे मूळचे बीडकडचे. मार्चमध्ये तो दोन वर्षांसाठी जर्मनीला जाणार होता, म्हणून सगळी घाई. आठवड्यावर लग्न आलं, आमोद-स्पृहाही आमच्याकडेच होते, आणि तेजसचे मामा, बजरंगराव, तेजसच्या आईसोबत फोन घेऊन हजर झाले. शुक्र सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला की त्याचा अस्त मानतात, तेवढे दिवस लग्न लावत नाहीत. छापील पंचांगात शुक्र केव्हाच उगवलेला होता. पण अ‍ॅप म्हणत होतं, अठ्ठावीसपर्यंत अस्त. बजरंगरावांचा प्रश्न बिनतोड होता. मुलीच्या सख्ख्या आजोबांचंच गणित नाही म्हणतंय, तर आम्ही हो कसं म्हणायचं? मामा म्हणाले, लग्न मुलगा परतल्यावर बघू. 'बघू'चा अर्थ स्पृहाला कळला. ती आत जाऊन बसली.

मी आमोदकडे पाहिलं. एक वाक्य बोलला असता तर मिटलं असतं. तो वडिलांना आतल्या खोलीत घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, प्लीज, गणित बरोबर आहे एवढंच म्हणा. इन्व्हेस्टर यायचेत. लग्न काय, नंतर होईल."

पोटच्या मुलीबद्दल बोलत होता. मी दारात उभी होते.

दीनानाथ सरळ बाहेर आले. चपला घातल्या आणि सगळ्यांना गच्चीवर चला म्हणाले. सूर्य नुकताच बुडाला होता. पश्चिमेला, पाण्याच्या टाकीच्या जरा वर, एक ठिपका झगझगीत पेटलेला. बजरंगरावांनी आधी फोन वर धरला. फोन म्हणाला, तिथे काही नाही. आमोद म्हणाला, विमान असेल.

तेजसच्या आई सुशीलाबाई पुढे आल्या. त्यांनी पदर सावरला.

"इमान न्हाई ते, दादा. शुक्राची चांदणी हाय. रानातनं घरी येताना रोज बगायचो आमी."

"बरोबर," दीनानाथ म्हणाले. "अ‍ॅप माझ्या नावाचं आहे आणि ते चूक आहे. ती वही मी चूक कशी दिसते ते दाखवायलाच केली होती."

बजरंगराव बराच वेळ एकदा फोनकडे, एकदा वर बघत राहिले. मग सुशीलाबाईंनीच सांगून टाकलं, तारीख तीच. लग्न पंचवीसला झालं.

पुढे दीनानाथ पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ बसले. वर्षभराचा शुक्र लाल शाईत दुरुस्त केला आणि कागद आमोदच्या हातात दिले. फोटो काढून टाक, नाहीतर निदान आकडे तरी बदल, म्हणाले. त्याने कागद परत केले. आकडे बदलले की शुद्धता गेली, युजर्स चिडतील. गच्चीवरचा त्यांचा पाठमोरा फोटो मात्र कोणाकडून तरी मिळवून अ‍ॅपवर चढवला. खाली लिहिलं, 'गुरुजींनी स्वतः आकाशात पडताळलेले'. आकडे तेच.

दीनानाथांनी त्या दिवसापासून ताट-वाटी बाहेर काढलेली नाही.

काल मी स्पृहाने दिलेल्या फोनवर ते अ‍ॅप उघडलं आणि अभिप्रायाच्या जागी लिहिलं, "शुक्र दिसतो. तुझ्या बापाला विचार. – तुझी आई."

क्षणात उत्तर आलं. "नमस्कार. आपला शुक्र दुर्बल आहे. गुरुजी दीनानाथ यांच्याकडून आजच शांती करून घ्या."