एका झुरक्याचा निकाल

बानाबाई मामी सकाळी ओट्यावर बसून मिसरी लावत होती. मी बाजेवर बसून कंपनीचे बूट घालत होतो. तिनं बोट दातांवरून फिरवलं, थुंकायला मान बाहेर काढली आणि तशीच कलंडली. हाक नाही, आवाज नाही. मला वाटलं, खाली पडलेलं काही उचलायला वाकली असेल. मग तिच्या हाताशी असलेला तांब्या गडगडत अंगणात गेला.

मी धावलो. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, कपाळावर गार घाम होता, ओठांना काळी मिसरी तशीच लागलेली. डोळे उघडे होते, पण ते मला पाहत नव्हते. मेंढरांच्या वाडग्यातून मल्हारीमामा धावत आला. त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तिचं बोट हातात धरलं आणि त्या बोटावरच्या काळ्या भुकटीचा वास घेतला.

“ही कालचीच का?” त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो. ती तंबाखू त्यानंच पास केली होती.

मल्हारीमामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. पडेगावला दौलताबाद रस्त्याच्या कडेला त्याचं घर. मी वाळूजच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागल्यापासून त्याच्याकडेच राहतो. त्याच्या तरुणपणी त्याची मेंढरं शरणापूरच्या डोंगरापर्यंत मोकळी चरायची. आता मध्ये प्लॉट पडले, तारा आल्या, तरी थोडी मेंढरं त्यानं ठेवलीच. पण पडेगावपासून छावणीपर्यंत लोक त्याला ओळखतात ते मेंढरांमुळे नाही, तंबाखूमुळे.

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात तंबाखूची नवी पोती आली की दुकानदार आधी मामाला बोलावणं धाडायचे. मामा पान कानाजवळ नेऊन त्याची शीर मोडायचा, चुरा तळहातावर चोळायचा, नाकाला लावायचा, चिमूटभर जिभेच्या टोकावर ठेवायचा. मग चिलीम. खडा घालून, वर तंबाखू दाबून, निखारा ठेवून, बुडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळून तो एकच झुरका घ्यायचा. मोठा, पोटापर्यंत. आणि धूर सोडता सोडताच निकाल सांगायचा.

निकाल तीनच. ‘दातावरची’ म्हणजे हलकी, बायकांच्या मिसरीला चालणारी. ‘चिलमीची’ म्हणजे पुरुषांनी ओढायची. आणि ‘जित्राबाची’ म्हणजे माणसाच्या तोंडाला लावूच नये अशी जहाल. ती पाण्यात भिजवून ते पाणी मेंढरांच्या गोचिडांवर मारायचं.

दुसरा झुरका तो कधी घ्यायचा नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, “पहिला झुरका खरं बोलतो. दुसरा खुशामत करतो.” या एका झुरक्याचा त्याला फार अभिमान होता. बाजारात नवा माणूस दिसला की दुकानदारच कौतुकानं सांगायचे, बघा, चिलीम खाली यायच्या आत सांगतो.

मामी पडली त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, बद्रीनाथशेठनं त्याला छावणीतल्या दुकानात बोलावलं होतं. मला सुट्टी होती, मीही बरोबर गेलो. शेठकडे वेगळीच पानं आली होती. लांब, पातळ, गडद तपकिरी. आंध्रातून आलेली, बर्ले जातीची. साहेब लोक पाइपात भरून ओढतात ती हीच, असं शेठ म्हणाला. कुठल्याशा कंपनीनं नाकारलेला माल त्याच्या हाती लागला होता. आपल्याकडे पाइप कोण ओढतो, तर ही कोणाच्या गळी उतरवायची, एवढंच त्याला मामाकडून हवं होतं.

मामानं शीर मोडली. चुरा चोळला आणि वास घेऊन हसला. मलाही वास दिला. तंबाखूचा उग्रपणा त्यात नव्हता. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, थोडा गुळाच्या काकवीसारखा वास होता. जिभेवर ठेवली तर थोडी कडवट, पण टोचणारी नाही. मग त्यानं चिलीम भरली आणि झुरका घेतला. दुकानातले सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. निपाणीची कडक तंबाखू असली की मामासारख्यालाही घशात बारीक ठसका लागायचा. त्या ठसक्यावरूनच तो दर्जा लावायचा. इथं काहीच नाही. दुधासारखा धूर आला आणि गेला.

“दातावरची,” मामा म्हणाला. “लेकुरवाळीलाबी चालंल.”

शेठ खूश झाला. गुरुवारच्या बाजारात मिसरीची म्हणून पुड्या बांधून विकायचं तिथंच ठरलं. मल्हारबाची पसंती, असं ओरडून सांगायचं, हेही ठरलं. मामाच्या हातावर त्यानं घरासाठी एक जुडी ठेवली.

त्या संध्याकाळी मामीनं पानं तव्यावर भाजली. एरवी मिसरी भाजताना घरात कोणी थांबू शकत नाही; डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. त्या दिवशी कोणी शिंकलंसुद्धा नाही. शेजारची सुगंधाबाई तर दाणे भाजताय का म्हणून विचारायला आली. मामी तव्याकडे बघत म्हणाली, “ठसका कसा नाय येत हिचा? तंबाखूच हाय ना ही?” मामा म्हणाला, पास केलीय मी.

बुधवारी सकाळी ती पडली.

रिक्षानं आम्ही तिला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत तिला दोनदा उलटी झाली. मामा तिच्या तोंडात बोट घालून मिसरी पुसत होता, पुन्हा पुन्हा, काही उरलेलं नसतानाही. डॉक्टरांनी नाडी पाहिली, सलाईन लावलं आणि विचारलं, तंबाखू किती लावली? रोजच्याएवढीच, मी म्हणालो. मामानं पुढे सांगितलं की ही तर हलकी तंबाखू होती. डॉक्टरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हलकी असती तर त्या इथं नसत्या, एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

दुपारनंतर मामी उठून बसली. तिला घरी सोडलं. बाजेवर टेकल्यावर पहिल्यांदा ती नीट बोलली ती मामाशीच. आवाज बारीक होता, पण जीभ जागेवर आली होती.

“समदं घशालाच इचारता तुम्ही. डोक्याला कवा इचारनार?”

मामानं तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

मी तंबाखूतला माणूस नाही. पण रसायनांशी रोज संबंध येतो, म्हणून त्या दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून फोनवर जेवढं सापडलं तेवढं वाचून काढलं. ही पानं उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर वाळवतात. त्यांच्यात साखर जवळजवळ उरत नाही, जहालपणा मात्र भरपूर असतो. आणि तो जहालपणा घशाला न टोचता गाला-हिरड्यांतूनच रक्तात उतरतो. पाइप ओढणारे धूर तोंडातच खेळवतात, सहसा छातीत घेत नाहीत, त्याचं कारण बहुतेक हेच. चिलमीचा एक झुरका, तोही लगेच सोडून दिलेला, त्याला काय कळणार? हिरडीला मात्र कळलं.

हे मी मामाला सांगितलं. त्यानं ऐकलं, पण त्याला ते पटलंय असं दिसलं नाही. शेजारीपाजारी येऊन जात होते आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, पित्त झालं असेल, उपाशीपोटी होती. खरं सांगायचं तर मामालाही तेच खरं असावं असं वाटत होतं. एवढ्या वर्षांत त्याचा झुरका चुकला नव्हता.

दिवस मावळायच्या आत तो वाडग्यात गेला. मी मागोमाग गेलो. त्यानं उरलेलं एक पान वाटीभर पाण्यात चुरून ठेवलं होतं. एका मेंढीच्या कानामागून त्यानं टपोरी गोचीड काढली, दगडावर ठेवली आणि तिच्यावर त्या पाण्याचा एक थेंब सोडला. निपाणीच्या कडक तंबाखूच्या पाण्यानंही गोचीड बराच वेळ तडफडते, हे मी त्याच्याकडेच पाहिलं होतं. ही तडफडली नाही. पाय एकदा आक्रसले आणि तशीच राहिली.

मामानं काडीनं तिला उलटी केली. सुलटी केली. मग दुसरी गोचीड काढली. तेच झालं.

तो दगडासमोर उकिडवा बसून राहिला. मेंढरं त्याच्या पाठीला अंग घासत होती, तरी हलला नाही.

“जित्राबाची हाय,” तो म्हणाला. “बानाबाईच्या तोंडात मी जित्राबाची घातली.”

मग त्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिली नव्हती अशी भीती होती. उद्या गुरुवार होता. उद्या त्याच्या नावानं ही पुडी छावणीतल्या किती बायका घरी नेणार होत्या.

सकाळी मी कंपनीत रजा कळवली आणि त्याच्याबरोबर निघालो. बाजार भरत होता. एका अंगाला जनावरं, एका अंगाला भाजी, मधल्या वाटेवर बद्रीनाथशेठची ताडपत्री. पुड्या रचून ठेवल्या होत्या आणि शेठचा माणूस मामाच्याच नावानं ओरडत होता. मामानं त्याला थांबवलं आणि शेठला सांगितलं, माल उचल, निकाल चुकला.

शेठ वाईट माणूस नाही. त्यानं मामीची चौकशी केली, पाणी दिलं. पण माल उचलायला तयार होईना. त्याचं म्हणणं सरळ होतं. निकाल तुमचाच, चार माणसांसमोर दिलेला. तुम्ही स्वतः झुरका घेतलात आणि ठणठणीत आहात. वहिनींना पित्त झालं असेल, त्यात पानांचा काय दोष?

मग मामा गिऱ्हाइकांना सांगू लागला. ही घेऊ नका, माझी बायको पडली हिच्यानं. बायका थांबायच्या, ऐकायच्या आणि गोंधळून शेठकडे पाहायच्या. बिडकीनकडून आलेली आवडाबाई नावाची एक म्हातारी दर बाजाराला मामाच्या शब्दावर तंबाखू नेणारी. तिनं त्याला दटावलंच.

“परवा चांगली म्हनला म्हनं, आज वाईट म्हनतो. तुझं खरं कंचं, मल्हारी?”

आजूबाजूचे हसले. कोणीतरी म्हणालं, शेठशी वाजलं वाटतं. आवडाबाईनं पुडी कनवटीला लावली.

मामा त्या पुडीकडे पाहत राहिला. मग ताडपत्रीवर बसला आणि कमरेची चिलीम काढली. मला वाटलं, थकला म्हणून बसला. पण त्यानं हात लांब करून शेठच्या ढिगातली पुडी उचलली, फोडली आणि चिलीम गच्च भरली. शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीतून त्यानं निखारा मागून घेतला. मी त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला.

पहिला झुरका. लोक पाहत होते. धूर सोडून त्यानं आवडाबाईकडे पाहिलं. काहीच झालं नाही. शेठ म्हणाला, बघा, तेच तर मी सांगतोय.

दुसरा झुरका त्यानं घेतला तेव्हा मात्र जुने दुकानदार चपापले. मल्हारीनं दुसरा झुरका घेतलेला त्यांच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. मग तिसरा. मग पुढचे, दम न घेता, पोटापर्यंत. कोणी हसत नव्हतं. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला, मग कपाळावर, मग मानेवरून सदऱ्यात उतरला. चेहऱ्याचा रंग मामीसारखा झाला, तसाच राखेचा. त्याच्या हातातून चिलीम सुटली आणि दगडावर पडून फुटली. तो एका कुशीवर गेला आणि ओकला.

मी मामाला उठवून मांडीवर टेकवलं. त्याचे हात बर्फासारखे गार पडले होते. डोळे मिटूनच त्यानं शब्द जुळवले.

“आता... दिसलं का?”

आवडाबाईनं कनवटीची पुडी काढली आणि ढिगावर ठेवली. तिच्यामागून आणखी एकीनं. मागच्या दोघी-तिघींनी तर पुड्या खाली टाकल्या, जणू त्या हाताला भाजत होत्या. बद्रीनाथशेठ उभा होता तसाच उभा होता. मग स्वतःच वाकून त्यानं ताडपत्रीची चारही टोकं एकत्र केली.

आम्ही त्याच रस्त्यानं पुन्हा घाटीत गेलो. डॉक्टर तेच होते. त्यांनी मला ओळखलं आणि खूप रागावले. मामी घरून आली, मामाच्या पायाशी बसली आणि सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाली की, सांगून लोकांना कळलं नसतं का? मामानं मान हलवली. नसतं कळलं.

शेठनं माल परत धाडला. त्यानंतर बरेच गुरुवार मामाला कोणी बोलावलं नाही. तोही गेला नाही. मामीनं मिसरी सोडली, ती आता राखुंडीनं दात घासते आणि चव कशी लागते ते विचारलं तर शिव्या देते.

मागच्या महिन्यात बद्रीनाथशेठ स्वतः घरी आला. पिशवीत निपाणीचा नवा नमुना होता. मामानं शीर मोडली, चुरा चोळला, नवी चिलीम भरली आणि झुरका घेतला. त्याला ठसका लागला. शेठ सवयीनं पुढे वाकला, निकाल ऐकायला.

मामानं चिलीम खाली ठेवली आणि म्हणाला, “बसा, शेठ.”

शेठ बाजेवर बसला. अंगणातल्या कडुलिंबाची सावली रांजणापासून अजून लांब होती; मामा तिच्याकडे पाहत होता. शेठनं घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आतून मामी म्हणाली, “च्या ठिवते. त्यान्ला आता येळ लागतो.”

चहा झाला. सावली रांजणाला टेकली. मामानं कपाळावरून हात फिरवून पाहिला, कोरडं आहे का ते. मग चिलीम पुन्हा उचलली आणि दुसरा झुरका घेतला.