सासऱ्यांची खुर्ची
इमारतीखाली कुणाचं सुतारकाम निघालं आणि सागवानाच्या भुशाचा वास वर आला की मला ऐंशीच्या दशकातली आमची मुलुंडची चाळ आठवते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मला हाताला धरून काम शिकवणारी, वयाने आईएवढी माझी मैत्रीण मुलाकडे लंडनला गेली होती, ती पहिल्यांदाच परत येणार होती. पण "गुडघे वाकत नाहीत गं, चाळीतल्या संडासात बसता यायचं नाही, हॉटेलात उतरते," असं तिने कळवलं. हॉटेलात? माझं घर असताना? मी सरळ सुतार बोलावला आणि वारलेल्या सासऱ्यांची खुर्ची पुढे केली. "मधोमध भोक पाडा." "बाई, सागवान आहे," तो म्हणाला. "असू दे, कापा." सासूबाई ओरडल्या, "गो, माझ्या घोवाची खुर्ची ती!" आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. मैत्रीण आली. रोज सकाळी एका हातात टमरेल, दुसऱ्या हातात खुर्ची घेऊन मी गॅलरीच्या टोकाला निघायचे, मागून ती काठी टेकत, मान खाली घालून यायची आणि संडासाच्या रांगेतले हसायचे. तिसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "मी जाते हॉटेलात." मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी खुर्ची उचलली आणि रांगेसमोर जाऊन गरजल्या, "बाजूक व्हा! माझी पावणी येता!" पावणी पुढे पंधरा दिवस राहिली. आता घरात कमोड आहे. परवा मुलगा ती भोकाची खुर्ची भंगारात द्यायला निघाला, तेव्हा मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि एवढंच म्हटलं, "बाजूक हो."