मी नापास केलेलं भाषण

आता काय लपवायचं तुमच्यापासून? माझी फजिती तुम्हाला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगणारच. त्यापेक्षा मीच सांगतो. आधी चहा घ्या.

बारामतीत उभा जन्म अर्थशास्त्र शिकवण्यात गेला. रिटायर झालो, पण पेपर तपासायची खोड काही जाईना. टीव्हीवर कुणी नेता बजेटवर बोलायला लागला, की मी सोफ्यावरून मार्क देणार. "हा पस्तीस. काठावर." "हा? बारा! महागाई कशानं होते हेही ठाऊक नाही, आणि निघाला देश चालवायला!"

बायको म्हणायची, "अहो, त्यांना ऐकू जात नाही."

जात नाही तर नाही! म्हणून काय पेपर तपासायचे सोडायचे?

आमच्या शाळेतल्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मुलं म्हणजे सगळी सत्तरीच्या घरातली. त्यात माझा जिवलग दिनकर. पंचायत समितीचा माजी सदस्य, लोणी देवकरच्या बाजूला पेरूची बाग. एके सकाळी त्यानं ग्रुपवर एका भाषणाची क्लिप टाकली. खाली लिहिलं, "जुनी कॅसेट सापडली. ह्या पुढाऱ्याला अर्थशास्त्र कळतंय का, आमच्या परफेसरांनी सांगावं."

म्हणजे भुकेल्यासमोर ताटच की हो!

कॅसेट इतकी घासलेली, की माणूस बोलतोय की कुणी पत्रा ओढतंय, तेच कळेना. पण शब्द लागत होते. "शेतकरी बंधूंनो, सगळ्यांनी टोमॅटो लावा! माल दुप्पट, की पैसा दुप्पट!"

क्लिप तेवढ्यावरच तोडलेली. मी चवताळलोच. ग्रुपवर हा एवढा लांबलचक निकाल लिहिला. शंभरपैकी चार मार्क, तेही अक्षर... नाही, आवाज मोठा म्हणून. धडाधड हसरे चेहरे आले. मला वाटलं, काय वाहवा होतेय आपली!

लगेच दिनकरचा फोन. "परफेसर, लय भारी लिवलंस! रविवारी माझी सत्तरी हाय. ये, आन् हे सगळं पाव्हण्यांम्होरं बोल."

"कुणाचं भाषण आहे रे?"

"ते तितंच सांगतो की."

रविवारी इस्त्रीचे कपडे घालून इंदापूरची एसटी पकडली. बागेत मांडव, पन्नास-साठ माणसं, शेजारपाजारचे भाजीवाले शेतकरी, बायाबापड्या. दिनकर फेटा बांधून पुढच्या खुर्चीवर. त्याच्या सुनेनं, सुनंदानं, स्पीकरवर क्लिप लावली. संपली तसा मी माइक धरला.

"मंडळी, सगळ्यांनीच टोमॅटो लावला तर घेणार कोण? भाव मातीत जाणार! पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं हे! अशा लोकांच्या हातात आपण कारभार देतो!"

टाळ्या! पुढच्या रांगेत दिनकर पोट धरून हसतोय. मला आणखी चेव आला.

"बरं, नेत्याला नसेल कळत. पण हे भाषण लिहून देणारा गाढव कोण?"

दिनकर खुर्चीवरून घसरायचाच बाकी राहिला. डोळे पुसत म्हणाला, "सुनंदा, आण गं ते."

सुनंदानं एक कागद माझ्या हातात दिला. "सर, कॅसेटच्या डब्यातच होता हा."

पिवळा पडलेला फुलस्केप. निळी शाई. टोमॅटोच्या वाक्याखाली दोन रेघा, आणि समासात बारीक अक्षरात सूचना, 'इथे थांबणे. टाळ्या पडतील.'

अक्षर माझं होतं!

पायाखालची जमीन म्हणतात ना, ती सरकली. आणि सगळं आठवलं. नुकतीच नोकरी लागली होती. नवी पँट, खिशाला नवं पेन. दिनकर पहिल्यांदाच निवडणुकीला उभा. सायकल मारत कॉलेजात आला आणि म्हणाला, "मला भाषणातलं काय कळत न्हाय, तू लिही." तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं हो! स्टाफरूमच्या खिडकीशी बसून दुपारभर लिहिलं. समोर तो, गूळ-शेंगदाणे खात, माझ्याकडं बघत. तशी दुपार पुन्हा कधी आली नाही.

पडला बिचारा त्या निवडणुकीत. आणि इतकी वर्षं मी सगळ्यांना काय सांगत आलो? गावाला अर्थशास्त्र कळत नाही, म्हणून आमचा दिनकर पडला!

माइक खाली ठेवला आणि हळूच त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

"मग... टाळ्या पडल्या होत्या का रे?"

"कशाच्या टाळ्या! तू लिवलं तसा थांबलो. सगळं गप. आन् मागनं एक म्हातारी म्हणाली, 'दिनकरा, एवढा टोमॅटो तुझी सासू खाणार व्हय?' सभा हसून हसून उठली."

"तुला वाचतानाच कळलं नव्हतं?"

"न कळाया काय झालं? शेतकऱ्याचा पोरगा हाय मी."

"मग बोलला का नाहीस?"

दिनकरनं माझ्या मांडीवर हात ठेवला. "आरं, तू असा खुशीत लिवत होतास! म्हटलं, निवडणूक काय, पुन्ना येईल."

मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. विषय बदलायचा म्हणून विचारलं, "पुढच्या वेळी तर चांगला निवडून आलास की! ते भाषण कुणाकडून लिहून घेतलंस?"

"पुढल्या येळेला?" दिनकर म्हणाला. "पुढल्या येळेला भाषणच केलं न्हाय!"