वस्तऱ्यासाठी अकीक: अमरावती ते बार्शीटाकळी

कापसाचा भाव चढला आणि माझी पथरी फुटली. न्हाव्याच्या दगडाचा आणि कापसाचा काय संबंध, असं कोणी विचारेल. अमरावतीत सध्या सगळ्याचाच कापसाशी संबंध आहे. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लोक आपसांत लढताहेत, म्हणून आमच्याकडे बैलांच्या शिंगांवर चांदी चढली आहे, आणि पंधरवड्यातून एकदा तोंड दाखवणारे पाटील आता रोज सकाळी हनुवटी पुढे करून बसतात. रोजच्या हजामतीला वस्तरा मऊ लागतो. खरबरीत दगड नुसती धार काढतो. त्या धारेचे दात मोडून तिला मऊ करते ती शेवटच्या हाताची पथरी. माझी पथरी वडिलांकडून आलेली, हिरवट, लोण्यासारखी.

एके दिवशी कापसाच्या शेठच्या वखारीत मी धोकटी उघडून बसलो होतो. मापाऱ्याला वजन जरासं कमी पडत होतं. त्यानं न विचारता माझी पथरी उचलून पारड्यात टाकली. पारडं हेलकावलं, पथरी फरशीवर आपटली आणि तिचे तुकडे झाले.

"दगडच त होता," मापारी म्हणाला. त्याचं काळीज कशाचं होतं ते मी विचारलं नाही.

पुढच्या हजामतीला शेठच्या गालावर रक्ताचे थेंब आले. "हा वस्तरा आहे की करवत?" शेठ म्हणाले. "पोराच्या लग्नाआधी सुधारलं नाही तर मुंबईहून न्हावी आणीन." हे फक्त एका गालाचं संकट नव्हतं. शेठ गेले की त्यांच्यामागे आडते, दलाल, मुनीम सगळे जातात. ज्याची हनुवटी मोठी, तिच्यामागे बाकीच्या हनुवट्या.

अमरावतीत पथरी मिळेना. अकोल्यात बिलायती माल उतरतो असं ऐकून मी निघालो. बायको सखू म्हणाली, "मी बी येतो. अकोल्याच्या बाजारात तुमाले एकट्याले सोडलं, त परत येताना अंगावर धोतर राह्यलं पायजे ना."

बडनेऱ्यापासून रस्ता सुरू होतो, म्हणजे तिथून तो संपतो. कापसाच्या गाड्यांनी काळ्या मातीत एवढाले चर पाडलेत की गाडीवानानं कासरा सोडला तरी बैल चुकत नाहीत. त्यांना दुसरीकडे जायला जागाच नाही. ज्यांना आपल्या अंगात हाडं किती आहेत याची खात्री करून घ्यायची असेल, त्यांनी या वाटेनं जरूर जावं. आगगाडीसाठी ठिकठिकाणी मातीचा बांध घालणं चालू आहे. आमच्या गाडीवानाच्या मते त्यावरून लोखंडी गाडी बैलांशिवाय पळणार. मी त्याला म्हटलं, बैल असूनही आपली पळत नाही, त्याचं आधी बघ.

मूर्तिजापूरच्या धर्मशाळेत जागा फुकट आहे, फक्त ती कापसाच्या गाठोड्यांनी घेतलेली असते. आम्ही अंगणात झोपलो. खाण्याला मात्र नाव ठेवायला जागा नाही. वाटेत शेतकरी बोलावून हुरडा खायला घालतात, वांग्याचं भरीत आणि भाकर सोबत देतात. पैसे विचारले की रागावतात. विकत घ्यायला गेलात तर त्याच भाकरीला दोन आणे मागतात. तेव्हा माझा सल्ला असा: भूक लागली की दुकानाकडे नाही, शेताकडे बघावं.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी बाजार भरला होता. तिथं सगळंच बिलायती. सुया बिलायती, कंदील बिलायती, एक माणूस तर बिलायती हिंग विकत होता. एका दुकानदारानं मखमलीत गुंडाळलेला काळा, सपाट दगड काढला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "जहाजातून आला हाय. गोरे साहेब याच्यावरच वस्तरा पाजळतात."

मी दगड गालाला लावला. गार होता, गुळगुळीत होता. माझा हात कनवटीकडे गेला. तेवढ्यात सखूनं दगड ओढून घेतला आणि त्यावर नखानं रेघ मारली. पांढरी रेघ उमटली.

"अवो, हे त पाटी हाय. शाळेतली."

दुकानदार जराही हलला नाही. "पाटी बी बिलायतीच हाय ना, बाई!"

आम्ही निघालो तेव्हा शेजारी उभा एक मुनीम पोट धरून हसत होता. त्याच्या बोटात तांबूस अकीक होता. कापूस आल्यापासून अकोल्यात ज्याला बोट आहे त्याला अंगठी आहे. हसता हसता डोळे पुसायला त्यानं ती काढली, आणि खड्याची पाठ मला दिसली. तिला चमक नव्हती, रेघ नव्हती, नुसती घट्ट, थंड पाठ. वडील म्हणायचे, अकीक हा सगळ्यात हळू दगड. पण ज्याला वेळ आहे त्याला त्याच्यासारखी धार कोणी देत नाही. खडा कोणी घासला, मी विचारलं.

"बार्शीटाकळीची बन्नोबी," मुनीम म्हणाला. "पण जपून. खड्यापेक्षा तिची जीभ जास्त घासलेली हाय."

बार्शीटाकळी अकोल्याहून सकाळी निघालं तर दुपारच्या भाकरीला गाठता येते. बन्नोबीचं घर नदीकडच्या गल्लीत शेवटचं. अंगणात दगडी पाटा, वाळूची टोपली, पाण्याची घागर आणि अकिकाचा ढीग. बाई साठीच्या आसपासची, हात कोपरापर्यंत राखाडी. मी काय हवंय ते सांगितलं.

"अंगठ्यांसाठी लोक दारात बसून राह्यले," ती म्हणाली. "न्हाव्याच्या दगडाले मले सवड काहून असंल?"

मी परत फिरणार होतो. सखू मात्र अंगणातल्या खाटेकडे बघत होती. खाटेवर एक उंच म्हातारा पडला होता. मिशा भरघोस, पण गालांवर आणि गळ्यावर दाढीचं रान माजलेलं. त्याची मान एकसारखी हलत होती, नको नको म्हटल्यासारखी.

"हे कोण, चाची?" सखूनं विचारलं.

"माझा माणूस. कादर मियाँ. निजामाच्या फौजेत होता. रोज दाढी करून, मिशीले पीळ देऊन बाहेर पडणारा." तिनं हातातला खडा पाट्यावर ठेवला. "हे हलणं सुरू झालं, अन् न्हावी पळाले. एकानं कानाची पाळी कापली. तवापासून तो कोनाले तोंड दाखवत नाई. भाऊ आला तरी भिंतीकडे वळते."

"आमचे मालक करतील," सखू म्हणाली.

मालकांना कोणी विचारलं नव्हतं.

बन्नोबीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग ढिगातून अंगठीला नालायक ठरलेली, बिनरेघांची एक रुंद कापलेली चकती काढली. "दगड तुझा, वस्तरा तुझा," ती म्हणाली. "मान माझ्या माणसाची. ध्यानात ठेव."

पुढचे दिवस आम्ही त्याच अंगणात काढले. वाळू, पाणी आणि घासणं. मग वाळू बारीक, मग वस्त्रगाळ. अकीक हट्टी, दिवसभर घासून त्याचं जेवढं झिजतं त्याहून जास्त आपल्या बोटांचं झिजतं. शेवटी बन्नोबीला त्यावर आरशासारखी चमक आणायची होती. मी हात धरला. चमकेवर वस्तरा नुसता घसरतो, चावत नाही. ती म्हणाली, बिनचमकेचा दगड माझ्या घरातून बाहेर गेला तर माझी अब्रू जाईल. मी म्हटलं, चमकणारा गेला तर मियाँचा गळा जाईल. यावर ती पहिल्यांदा हसली.

मग मी पथरीवर पाणी टाकून वस्तरा आडवा ठेवला. पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, हाताचं वजन जवळजवळ नाहीच. आधी खसखस आवाज येत होता. दुपार कलली तसा तो बारीक होत होत बंद झाला, आणि वस्तरा ओल्या दगडाला चिकटू लागला. चामड्याच्या पट्टीवर फिरवून मी मनगटावर लावला. केस कापला गेल्याचं मनगटाला कळलं नाही.

सकाळी कादर मियाँना खाटेवर बसवलं. बन्नोबीनं मागून डोकं छातीशी धरलं. ऊन पाण्यानं मी कितीतरी वेळ दाढी भिजवली. खरं तर दाढी केव्हाच भिजली होती, धीर भिजायचा होता. वस्तरा गालाजवळ नेला तसा म्हातारा माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "ऐ नाई, मैं हिलता हूँ. तू मत हिल."

पण न हलणाऱ्या हातानंच त्याला आधी कापलं होतं. मी डावा तळवा त्याच्या जबड्याला लावला आणि त्याच्या थरथरीबरोबर माझाही हात जाऊ दिला. तो डावीकडे, मी डावीकडे. दोन हिसक्यांच्या मधे बोटभर वस्तरा. पुन्हा थांबायचं. गळ्याशी आलो तेव्हा सखूनं डोळे मिटले. तिथं एक मोठा झटका आला. मी पातं वर घेतलं, ते माझ्याच अंगठ्यात गेलं, आणि रक्त त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलं.

बन्नोबी किंचाळली.

"माझं हाय, चाची! माझं!" मी अंगठा वर धरून ओरडलो. वस्तरा एवढा मऊ झाला होता की मला दुखलंही नव्हतं.

शेवटचा हात फिरला तेव्हा म्हाताऱ्यानं गाल चाचपले, हनुवटी चाचपली, मग गळा. "बन्नो, मैं तो अभी जिंदा हूँ."

"मंग इतके दिवस म्या काय मुडद्याले जेवू घातलं?" ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. कादर मियाँनी मिशीला पीळ दिला आणि खाट गल्लीच्या तोंडाशी न्यायला सांगितली. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ते हाक मारत होते. आमची गाडी निघाली तेव्हा मलाही हाक मारली, मी कोण ते विसरून.

अमरावतीत शेठची हजामत केली. शेठनं गालावरून हात फिरवला, मुनीमाकडे बघून म्हणाले, "पाहिलंस? मुंबईचं नाव काढलं की माणूस कसा सुधारतो!" सगळ्या हनुवट्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. शेठच्या मुलाचं लग्न थाटात झालं, वखारीत माझी जागा राहिली, आणि जाऊ इच्छिणाऱ्यांना मी आता सांगतो की रस्ता वाईट, धर्मशाळा भरलेल्या, अकोल्याचा बाजार लबाड. पथरी मात्र मिळते, थोडं घासावं लागतं.

एवढ्यावर प्रवास संपला असं मी धरून चाललो होतो. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता सखू म्हणाली, "आता वाढली असंल."

"काय?"

"मियाँची दाढी. तुमाले काय वाटलं, एकदा केली म्हणजे झालं?"

जन्मभर दाढ्या करणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. मी जेवलो, हात धुतले आणि गाडीवानाच्या घराकडे चालू लागलो.