पुना नानांचा खोकला

सोनगीरच्या आमच्या बँडमध्ये पुना नाना क्लॅरिनेट वाजवायचे आणि मी ढोल. नाना बिडी ओढायचे, मी ओढत नसे. त्यामुळे कुठल्याही लग्नात पोचलो की नानांसाठी सतरंजी झटकली जाई आणि मला पाण्याचा माठ कुठे आहे तेवढं दाखवलं जाई. परक्या गावात नाना कुणाकडे तरी काडी मागत, दोघं मांडी घालून झुरके मारत, आणि बिडी संपायच्या आत त्या माणसाशी नानांचं कुठलं तरी लांबचं नातं निघे. मी बिनबिडीचा, म्हणून मी कुणाचाच पाहुणा नव्हतो. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटायचा.

पण बिडी फुकट सोबत करत नाही. नानांना खोकला जडला होता. तो गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की त्यांची मुलगी कोकिळा भाकर तव्यावर टाकून धावायची आणि दार उघडायची. नानांनी जन्मात कधी कडी वाजवली नाही. खोकलाच त्यांची कडी. आम्ही सगळे त्याला हसायचो.

सत्त्याऐंशीच्या लग्नसराईत ते हसू आटलं. नानांचा सूर मध्येच तुटू लागला. एका वरातीत तर ते क्लॅरिनेट तोंडाला लावून नुसते उभे राहिले, आणि मी ढोल बडवून वेळ मारून नेली. धुळ्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि सांगितलं, "बिडी किंवा वाजवणं. दोन्ही जमणार नाही."

त्याच दिवाळीत कोकिळेचं एरंडोलला ठरलं, लग्न फाल्गुनात. नानांनी ती लहान असल्यापासून तिला शब्द दिला होता: तुझ्या पाठवणीला मीच वाजवीन, गाडी हायवेच्या वळणाआड जाईपर्यंत सूर थांबू देणार नाही. आता त्यांना धड एक गाणं पुरत नव्हतं.

नानांनी बिडी सोडली आणि गल्लीची झोप उडाली. बिडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे तल्लफ यायची ती नेमकी पहाटे. त्यांची बायको भागाबाई खमकी. तल्लफ आली की ती त्यांच्या हातात क्लॅरिनेट द्यायची. शेजारी हात जोडून म्हणायचे, कुणीतरी नानांना बिडी द्या रे!

त्यात सुरुवातीला खोकला उलट वाढला. नानांना वाटलं, बिडी सोडली म्हणूनच आपण आजारी पडलो, आणि ते गुपचूप एक बंडल घेऊन आले. भागाबाईला ते सापडलं. ती भांडली नाही, खाली बसली.

"तुमनी बिडी सुटाव नही, आन मना जीव सुटी जाई," एवढंच म्हणाली आणि रडू लागली.

नानांनी सगळं बंडल चुलीत टाकलं. घरभर धूर झाला. नाना उंबऱ्यात बसून तो वास नाकाने ओढत राहिले. त्यानंतर त्यांनी बिडीला हात लावला नाही.

फाल्गुनात लग्न लागलं. पाठवणीची वेळ झाली, कोकिळा टेम्पोपाशी उभी होती. आमच्या भागात वरात निघताना मुलाचा बाप मुलीच्या बापाला आपल्या हाताने बिडी पेटवून देई. दोघांनी सोबत ओढली की सोयरीक पक्की. व्याही अभिमन आबा तिरसट म्हणून नावाजलेले. त्यांनी बिडी पुढे केली. नानांनी ती घेऊन कपाळाला लावली आणि कानावर खोचली. आबांनी काडी पेटवली होती, ती तशीच हातात राहिली.

"काय व्याही, आमनी बिडीमा काय इख शे का?"

विषाचं नाव निघताच कोकिळेचा चेहरा पांढराफटक पडला. बिडीपायी मोडलेली सोयरीक आम्ही पाहिलेली होती.

"इख नही, आबा, मान शे," नाना म्हणाले. "पन हाई वढी तर पोरले वाट लावाले मना सूर पुराव नही."

काडीने आबांच्या बोटाला चटका दिला. त्यांनी ती झटकली.

"मंग वाजाडा," ते म्हणाले. "आमले बी आयकू द्या."

टेम्पो निघाला आणि नाना वाजवू लागले. माझ्या हाताचा ठेका चुकत होता, डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं. नाना मात्र दम घेत होते आणि पुन्हा सूर उचलत होते. टेम्पो हायवेला लागला, वळणाआड गेला, तरी ते थांबेनात. शेवटी ऐकायला मागे थांबलेल्या आबांनीच येऊन त्यांना मिठी मारली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी आणायला नाना एरंडोलला गेले, मीही सोबत होतो. भर दुपार, दार बंद. नाना सवयीने दारासमोर उभे राहिले. दार काही उघडेना. आत बांगड्या वाजत होत्या, ती कामात होती.

"नाना, कडी वाजवा," मी हसून म्हणालो.

त्यांनी अवघडून कडी वाजवली. कोकिळेने दार उघडलं आणि बघतच राहिली.

"तुम्ही खोकलनातच नही, नाना," ती म्हणाली. "माले कशे समजी तुम्ही दारशी उनात?"

आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं, तशी ती बापाच्या गळ्यात पडून रडू लागली.